विद्यापीठाच्या संघात निवड झाली, म्हणजे काय झालं?

कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या घरात मुलीची विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झाल्याची बातमी येते, तेव्हा अभिनंदनाच्या पाठोपाठ तीन प्रश्न हटकून विचारले जातात. विद्यापीठ तर नांदेडला, मग हिंगोलीत शिकणारी पोरगी त्याच्या संघात कशी? आता पुढं ती कुठं खेळणार? आणि या सगळ्याचा नोकरीला काही उपयोग होतो का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मुंबई-पुण्याकडच्या बड्या विद्यापीठांच्या खेळाडूंबद्दल वर्तमानपत्रांत छापून येतं. आपल्या भागातल्या विद्यापीठाचं क्रीडाखातं कसं चालतं, हे मात्र त्यात खेळणाऱ्या मुलांच्या घरीही फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती रचना आता पायरीपायरीनं पाहू.

१. विद्यापीठ नांदेडला, खेळाडू हिंगोलीचा

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झाली. त्याआधी या भागातली महाविद्यालयं १९५८ साली सुरू झालेल्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडे होती आणि त्याही आधी, निजामाच्या काळात, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे. नांदेडचं विद्यापीठ झालं तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. परभणीतून तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

सगळे विद्यार्थी एकाच आवारात राहतात आणि शिकतात, असं काही विद्यापीठांचं असतं. आपलं विद्यापीठ संलग्न पद्धतीचं आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला मुख्य परिसर आहे, पण बहुतेक विद्यार्थी गावोगावच्या महाविद्यालयांत शिकतात: हिंगोलीच्या आदर्श महाविद्यालयात, वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयात, औंढा नागनाथला, सेनगावला, कळमनुरीला. या सगळ्यांची पदवी एकाच विद्यापीठाची, म्हणून त्या सगळ्यांना विद्यापीठाच्या संघाचं दारही उघडं.

याचा खेळावर काय परिणाम होतो, ते दूध संकलनावरून चटकन कळेल. गावागावांतून दूध गोळा होतं, शीतकरण केंद्रात त्याची तपासणी होते आणि तिथून ते पुढं शहरात जातं. शीतकरण केंद्रात कुणी म्हशी पाळत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचंही बरंचसं तसंच आहे. तो स्पर्धा भरवतो, निवड करतो, शिबिर घेतो आणि संघ बाहेर पाठवतो; खेळाडू तयार होतो तो तालुक्याच्या महाविद्यालयात आणि बऱ्याचदा त्याही आधी शाळेच्या पटांगणात. पुढचं सगळं वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात असू द्या.

इथंच एक अडचणही आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात मोडतो. बारावीपर्यंत मुलगी विभागीय स्पर्धेला तिकडं जाते आणि तिथले पंच, प्रशिक्षक तिला ओळखू लागतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की तिचा रस्ता नांदेडकडे वळतो. मैदानं नवी, निवड समिती नवी, कालपर्यंतचं नाव इथं कुणाला माहीत नाही. जिल्हा तोच, महाविद्यालयही कदाचित तेच, पण ज्युनिअरमधून सीनियरला गेल्याबरोबर तिला पाटी कोरी करून सुरुवात करावी लागते.

२. महाविद्यालय ते विद्यापीठ

पहिला टप्पा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा. प्रत्येक महाविद्यालय आपला संघ पाठवतं. या स्पर्धांतून दोन कामं साधली जातात: विजेतं महाविद्यालय ठरतं आणि विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडूही हेरले जातात. या दोन कामांचं एकमेकांशी नेहमीच जुळतं असं नाही. कसं, ते एका छोट्या हिशेबावरून पाहू.

समजा, कबड्डीच्या स्पर्धेला १६ महाविद्यालयं आली. बाद पद्धतीनं सामने घेतले तर प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. विजेता ठरण्यासाठी १५ संघ बाद व्हायला हवेत, म्हणजे सामने १५. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळणार. १६ गुणिले १५, भागिले २, म्हणजे १२० सामने. दोन मैदानं असली आणि एका मैदानावर दिवसाला पाच सामने उरकले, तर बाद पद्धतीची स्पर्धा दोन दिवसांत संपते. साखळीला बारा दिवस लागतील. बारा दिवस १६ संघांच्या जेवणाखाण्याची, झोपण्याची सोय कुठलं तालुक्याचं महाविद्यालय करणार? म्हणून बाद पद्धतच वापरतात; फार तर शेवटच्या चार संघांची साखळी घेतात.

आता याची दुसरी बाजू पाहा. एखाद्या लहान महाविद्यालयात एकच मुलगी अव्वल चढाईपटू आहे, बाकी संघ कसाबसा उभा केलेला. भाग्यपत्रिकेत पहिलीच गाठ लातूरच्या तगड्या संघाशी पडते. पाऊण तासात संघ हरतो, संध्याकाळच्या गाडीनं परत. निवड समितीला ती मुलगी दिसली ती तेवढ्या पाऊण तासात. तेव्हा समिती मैदानावर पहिल्या फेरीपासून बसलेली हवी. हरलेल्या संघातल्या चांगल्या खेळाडूंची नावं टिपून त्यांना निवड चाचणीला बोलावून घ्यायला हवं. छोट्या विद्यापीठात चांगला खेळाडू हुकतो तो बहुधा या पायरीवर.

निवड झाली की शिबिर. वेगवेगळ्या महाविद्यालयांतली, कालपर्यंत एकमेकांविरुद्ध खेळलेली मुलं-मुली काही दिवस एकत्र राहतात आणि सराव करतात. खो-खोसारख्या खेळात याला फार महत्त्व आहे. कोणी कुठल्या बाजूला वळते, खो कधी देते, खांबाजवळ कोण बसते, हे सवयीनं अंगी मुरावं लागतं आणि त्यासाठी शिबिराचे दिवस थोडेच पडतात.

३. विद्यापीठ ते देश

पुढचा टप्पा भारतीय विश्वविद्यालय संघाचा. देशभरातल्या विद्यापीठांची ही संघटना १९२५ साली सुरू झाली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा तिच्याच देखरेखीखाली होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या सांघिक खेळांसाठी देशाचे चार विभाग केले आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. आपण पश्चिम विभागात. आपल्याबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्यातली विद्यापीठं असतात आणि महाराष्ट्रातली तर असतातच. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. चार विभाग, प्रत्येकी चार, असे १६ संघ. ॲथलेटिक्स, कुस्ती यांसारख्या वैयक्तिक खेळांत विभागाची पायरी नसते. खेळाडू थेट अखिल भारतीय स्पर्धेत उतरतो.

अखिल भारतीय स्पर्धेत पहिल्या आठांत आलेल्यांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत स्थान मिळतं. ही स्पर्धा पहिल्यांदा २०२० साली भुवनेश्वरला झाली. तिच्यात चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आलं आणि पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ दुसरं. त्याहूनही वरची पायरी जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेची. चीनमधल्या चेंगदूला २०२३ मध्ये झालेल्या या स्पर्धेत भारतीय विद्यार्थ्यांनी ११ सुवर्णांसह २६ पदकं मिळवली.

राज्यातल्या विद्यापीठांची स्वतंत्र स्पर्धाही आहे. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं होणारा हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव विद्यार्थ्यांत ‘अश्वमेध’ म्हणून ओळखला जातो. छोट्या विद्यापीठाच्या खेळाडूला त्याचा मोठा उपयोग होतो. पश्चिम विभागात पहिल्या चारांत यायचं म्हणजे राजस्थान-मध्य प्रदेशच्या संघांनाही मागं टाकायचं. इथं राज्यातल्या संघांशी चार सामने जास्तीचे मिळतात.

खेळांतल्या एकूण कामगिरीसाठी विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जातो. मैदानावरची मंडळी त्याला ‘माका ट्रॉफी’ म्हणतात. १९५६-५७ पासून चालत आलेल्या या चषकावर अमृतसरचं गुरू नानक देव, पटियालाचं पंजाबी आणि चंदीगडचं पंजाब या तीन विद्यापीठांचा दीर्घकाळ वरचष्मा राहिला आहे.

४. कोण खेळू शकतं?

विद्यापीठाकडून खेळायला चांगलं खेळता येणं पुरेसं नाही. कागद आधी लागतात. मोटामोटी नियम असे: विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमाला असावा आणि तो अभ्यासक्रम किमान एका वर्षाचा असावा. बाहेरून परीक्षा देणारा चालत नाही, पूर्णवेळ नोकरी करणाराही नाही. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. बारावी होऊन आठ वर्षांहून जास्त काळ लोटलेला नसावा. आणि त्या वर्षाच्या १ जुलैला वय १७ पेक्षा जास्त, २५ पेक्षा कमी हवं.

वयाच्या अटीवरून नेहमी गोंधळ होतो, म्हणून उदाहरण घेऊ. दोन मित्र, एकाच वर्गात. एकाची जन्मतारीख २५ जून २००१, दुसऱ्याची ५ जुलै २००१. दोघंही २०२६-२७ मध्ये एम.ए.ला आहेत. १ जुलै २०२६ रोजी पहिल्यानं पंचविशी पूर्ण केली, तो बाद. दुसरा त्या दिवशी अजून २४ वर्षांचा, त्यामुळे त्याला पूर्ण हंगाम खेळता येतो. डिसेंबरच्या स्पर्धेपर्यंत तो २५ वर्षांचा झाला तरी हरकत नाही. दहा दिवसांच्या फरकानं एक आत, एक बाहेर.

आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजानं टाकण्याची रीत होती. तिचा फटका कधी कधी असा अनेक वर्षांनी बसतो.

५. मैदान: गुंठ्यांचा हिशेब

हिंगोलीत खो-खो आणि कबड्डी जोरात, ॲथलेटिक्सला मात्र अडचणी, असं का? आपल्याकडे याचं कारण परंपरा असं सांगितलं जातं. परंपरा आहेच, पण जमिनीचा हिशेबही मांडून पाहायला हवा.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वा गुंठ्यात कबड्डी मावते. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. आता ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक घ्या. आठ लेनचा प्रमाण ट्रॅक आखायचा तर साधारण १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते, म्हणजे चार एकरांपेक्षा थोडी जास्तच. तेवढ्या जागेत खो-खोची ३८ मैदानं बसतील. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयात २०० मीटरचा ट्रॅक आखून काम भागवतात. तिथं सराव करणाऱ्या मुलाला वळणं दुप्पट लागतात आणि वळणावर वेग धरून ठेवता येत नाही. असा मुलगा पहिल्यांदा प्रमाण ट्रॅकवर उतरतो तो थेट स्पर्धेच्या दिवशी.

त्यात आपली जमीन काळी. कापसाला, सोयाबीनला सोन्यासारखी, पण खेळाला अवघड. पावसात फुगते आणि बुटाला किलोकिलोनं चिकटते. उन्हाळ्यात हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मुरमाचा थर टाकावा लागतो, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो आणि दर पावसाळ्यानंतर हे काम पुन्हा करावं लागतं. मैदानाची डागडुजी दरसाल न करणारं महाविद्यालय तीन-चार वर्षांत मैदान गमावतं.

कबड्डीत आणखी एक अडचण आहे. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर अनवाणी खेळताना पाय घसरत जातो, त्यामुळे पकडीतून निसटताना शरीर मातीबरोबर सरकतं. मॅटवर बूट घालून खेळायचं असतं. पाय जागच्या जागी घट्ट रोवला जातो आणि अंग वळलं तरी पाऊल वळत नाही. मातीच्या सवयीनं मॅटवर उतरलेल्या खेळाडूचा घोटा किंवा गुडघा याच क्षणी दुखावतो. मॅटवर चार-सहा आठवडे आधीपासून सराव मिळाला तर सवय होते. मॅट महाग असते, हे खरं; पण तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक घेतली तरी काम होतं.

६. हंगाम कुणाचा?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस पावसाळा ओसरता ओसरता सुरू होतात. नेमकं तेव्हाच सोयाबीन काढणीला येतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत हिंगोली जिल्ह्यात मजूर मिळणं मुश्कील आणि आकाशात ढग आले की घरातलं प्रत्येक माणूस शेतात. अशा वेळी ‘सर, सोयाबीन झाल्यावर येतो’ हे वाक्य स्पोर्ट्सच्या सरांना पाठ असतं. त्याला लागूनच दिवाळी आणि पहिल्या सत्राची परीक्षा येते. पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपतात तोवर वसमत भागात हळदीच्या काढणीची लगबग: खणणं, शिजवणं, वाळवणं.

शहरातल्या मुलाला वर्षभर सराव करता येतो. इथल्या मुलाचं वर्ष शेतीच्या हंगामांनी तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं. म्हणून जाणते क्रीडा संचालक जून-जुलैतच, महाविद्यालय उघडल्याबरोबर, पहाटेचा सराव सुरू करतात. पेरणीनंतर आणि काढणीपूर्वी मिळणारे दोन महिने त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचे.

अंतराचाही प्रश्न आहे. वसमतहून नांदेड जवळ. हिंगोलीहून ते जवळपास नव्वद किलोमीटर आणि सेनगावहून त्याहून लांब. सकाळी नऊच्या निवड चाचणीला पोचायचं तर मुलीला पहाटेची एसटी धरावी लागते आणि परतीला गावात शिरेपर्यंत रात्र होते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे खर्चाचं ओझं कमी झालं. पण रात्री तालुक्याहून गावापर्यंत नेणार कोण, हा प्रश्न तिकिटानं सुटत नाही. चाचण्या सकाळऐवजी दुपारी बाराला ठेवल्या किंवा आदल्या रात्री मुलींच्या वसतिगृहात सोय केली, तर चाचणीला येणाऱ्या मुलींची संख्या वाढेल.

७. भरतीची धाव आणि स्पर्धेची धाव

हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही गावात पहाटे पाचला बाहेर पडा. रस्त्यावर, मैदानावर धावणारी मुलं-मुली दिसतील. यांतली बहुतेक पोलीस भरतीची तयारी करतात. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे वर्दीचं आकर्षण डोळ्यांसमोरच असतं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. विद्यापीठाच्या ॲथलेटिक्समध्येही याच वजनाचे गोळे असतात. म्हणजे आपल्याकडे ॲथलेटिक्सचा पाया रोज पहाटे रस्त्यावर घातला जातोय. त्यावर इमारत का चढत नाही?

आकडे मांडू. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत धावणाऱ्याला या प्रकारचे पूर्ण २० गुण मिळतात. ३१० सेकंद, ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. याच वेगानं तो मुलगा १५०० मीटरची शर्यत धावला तर त्याला सुमारे ४ मिनिटं ५१ सेकंद लागतील. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत १५०० मीटरचं पदक हवं असेल तर चार मिनिटांच्या आत यावं लागतं. फरक पन्नासहून अधिक सेकंदांचा.

हे सेकंद नुसतं रोज धावून कमी होत नाहीत. आठवड्यात कुठल्या दिवशी लांब पल्ला, कुठल्या दिवशी ४०० मीटरचे तुकडे, त्यांच्यामध्ये विश्रांती किती, कधी पूर्ण आराम, याची आखणी लागते. घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. भरतीचा मुलगा ५ मिनिटं १० सेकंदांवर थांबतो, कारण पुढं धावून त्याचे गुण वाढत नाहीत. त्याच्यात आणखी पन्नास सेकंदांची ताकद आहे का, हे कुणी तपासतच नाही.

मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातलं उदाहरण सर्वांना माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि त्यांच्यातला धावपटू सैन्याच्या क्रॉस-कंट्री शर्यतींत सापडला. पुढं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. मराठवाड्याच्या मातीतला इतका मोठा धावपटू सैन्याला सापडला, यात सैन्याचं कौतुक आहेच. आपल्या महाविद्यालयांनी त्यातून घेण्यासारखा धडाही आहे. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांपैकी कितीजणांची नावं स्पोर्ट्सच्या सरांच्या वहीत आहेत? वर्षातून एकदा भरतीच्या मुलांसाठी घड्याळ लावून १५०० आणि ८०० मीटरची खुली चाचणी घेतली तर खर्च जवळपास शून्य.

८. पैसा कुठून येतो, कुठं जातो?

महाविद्यालयात भरलेल्या शुल्कात क्रीडा शुल्काचा एक छोटा वाटा असतो. त्यातला काही भाग महाविद्यालय ठेवतं, काही विद्यापीठाकडे जातो. शुल्काचा पैसा विद्यार्थिसंख्येवर अवलंबून, म्हणून ज्या विद्यापीठाकडे विद्यार्थी कमी, त्याचं क्रीडा अंदाजपत्रकही लहान.

सर्वांत मोठा खर्च संघ बाहेर पाठवण्याचा. समजा, खो-खोचा संघ राजस्थानात स्पर्धेला निघाला. १२ खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, असे १४ जण. जाऊन-येऊन सहा दिवस. १४ गुणिले ६, म्हणजे ८४ दिवसांचा भत्ता. आता संघाच्या जेवणासाठी रोजचा भत्ता माणशी १०० रुपयांनी वाढवायचं ठरलं, तर या एका संघामागे ८,४०० रुपये वाढतात. वर्षाला असे ३० संघ जात असतील तर २ लाख ५२ हजार. ‘पोरांना नीट जेवायला द्या’ हे म्हणायला सोपं. अंदाजपत्रकात ही रक्कम दरवर्षी शोधावी लागते. प्रवास, किट, ट्रॅकसूट, नोंदणी शुल्क हे सगळं वेगळंच.

म्हणून छोट्या विद्यापीठापुढं दरवर्षी एकच निवड असते: पुष्कळ खेळांत संघ पाठवून सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं, की चार-पाच खेळ निवडून त्यांना शिबिर, प्रशिक्षक आणि आहार व्यवस्थित द्यायचा? पहिल्या मार्गानं संधी जास्तीत जास्त मुलांना मिळते, दुसऱ्यानं निकाल येतात. पंजाबातल्या विद्यापीठांना दोन्ही जमतं, कारण त्यांच्यामागे वसतिगृहं, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि अनेक दशकांची गुंतवणूक आहे. आपल्याकडे मधला मार्ग धरता येईल: भाग सर्वांत घ्यायचा, पण लांब शिबिर मोजक्या खेळांना. ते मोजके कोणते, हे गुंठ्यांच्या हिशेबानं आधीच सांगितलंय.

९. प्रमाणपत्राची किंमत

आता नोकरीचा प्रश्न. केंद्र सरकारच्या नियमांनुसार गट ‘क’च्या पदांवर गुणवान खेळाडूंना थेट घेता येतं. कार्मिक विभागाच्या १९९५ च्या आदेशात अशा खेळाडूंच्या यादीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलेल्यांचाही समावेश आहे. रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडूंसाठी स्वतंत्र भरती होते. तिथं मात्र ठरावीक खेळ आणि ठरावीक क्रमांक पाहतात.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयानं त्याचे निकष ठरवले. कोणत्या गटातल्या पदासाठी कोणत्या पातळीवरची कामगिरी लागते, हे त्यात दिलेलं आहे; नुसता सहभाग बहुतेक ठिकाणी कामाचा नाही. शिवाय प्रमाणपत्राची क्रीडा विभागाच्या कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर त्यावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सनदेशी ताडून पाहा; खेळ, स्पर्धेचं वर्ष आणि क्रमांकही तपासा. एका अक्षराची चूक आज सरांकडून दुरुस्त होते. पाच वर्षांनी भरतीच्या रांगेत तीच चूक डोकेदुखी होते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत आणि त्यांत खेळ आणि तंदुरुस्तीही आहे. म्हणजे मैदानावरचे तास आता गुणपत्रिकेत उतरतात. पण त्यासाठी हजेरी, सराव आणि मूल्यमापन खरंखुरं व्हायला हवं. कागदोपत्री खेळ झाला तर श्रेयांक मिळतील, खेळाडू मिळणार नाही.

१०. छोट्या विद्यापीठाला कशानं मोजायचं?

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे तीन गट आहेत. टीव्हीवर दिसणारे, भरलेल्या स्टेडियममधले सामने पहिल्या गटातले. तिसऱ्या गटात चारशेहून अधिक लहान महाविद्यालयं आहेत आणि तिथं खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. तरी त्या महाविद्यालयांत हजारो मुलं खेळतात, कारण तिथं किती विद्यार्थी मैदानावर आले याला महत्त्व दिलं जातं. पदकतालिकेत अमृतसर-पटियालाशी स्पर्धा करणं नांदेडला आज शक्य नाही. पण चार जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयाचा, आणि त्यातही मुलींचा, संघ मैदानात उतरवणं शक्य आहे, आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करता येतो.

तेव्हा मुला-मुलीला महाविद्यालयात घालताना पालकांनी पाच गोष्टी विचाराव्यात. पूर्णवेळ क्रीडा संचालक आहेत का? गेल्या वर्षी किती खेळांत संघ पाठवले, त्यांत मुलींचे किती? मैदान पावसाळ्यानंतर दुरुस्त केलं का? मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक जातात का? सराव कुठल्या महिन्यात सुरू होतो? निकाल, वसतिगृह आणि शुल्काची चौकशी आपण करतोच, त्यात या पाच प्रश्नांना दहा मिनिटं लागतील. ज्या महाविद्यालयात त्यांची उत्तरं ‘रजिस्टर बघून सांगतो’ अशी न येता सरांच्या तोंडून लगेच येतात, तिथं मुलीचं नाव विद्यापीठाच्या यादीत येण्याची शक्यता जास्त.